कुणाचीच हरकत नव्हती

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या स्वभावाचा हात होता आणि तो मला फार उशिरा दिसला.

राजारामपुरीत एका साड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी आणि अण्णा. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, कुरुंदवाडजवळच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातले. दिवस मावळायच्या आत जेवणार, मोटारसायकल कधी चाळीसच्या वर नेणार नाहीत, आणि कुणी कितीही आरडाओरडा केला तरी आवाज चढवणार नाहीत. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि मी वयानं लहान असूनही ते मला अक्का म्हणायचे.

आमचं पहिलं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांसाठी होतं. माझे वडील नेसरीकडच्या आमच्या गावात दूध संस्थेचे सचिव. गावातली माणसं सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची, आणि कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं यावरून रोज एक भांडण ठरलेलं असायचं. मी इंजिनिअर झाल्यावर ते सगळं संगणकावर आणलं. दूध मापलं की चिठ्ठी हातात, भांडण बंद. निदान त्या कारणावरून तरी बंद. सॉफ्टवेअर मी लिहिलं, पण ते गावागावात रुजवलं अण्णांनी. शाहूवाडीच्या डोंगरातल्या एखाद्या संस्थेत सकाळी सहाला संगणक अडला की रांगेतली माणसं सचिवाला शिव्या घालायची, सचिव अण्णांना फोन लावायचा, आणि अण्णा त्याला फोनवरूनच बोट धरून बाहेर काढायचे. "उजव्या कोपऱ्यातलं तांबडं बटण दाबा. तांबडं हो पावणं, हिरवं न्हवं." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुठं तांबडं बटण दिसलं की अण्णा आठवतात.

पुढे परदेशातली कामं मिळू लागली, माणसं वाढली, आम्ही एकोणीस जण झालो. आणि बाकीचे अठराही जण प्रत्येक गोष्ट मला विचारू लागले. खिडकीला पडदा कुठला लावायचा, सुट्टी घेऊ का, गिऱ्हाइकाला आज कळवू की उद्या. मी चिडायचे. विचारलं तरी चिडायचे आणि न विचारता केलं तर त्याहून जास्त. एकदा एका मुलीला सगळ्यांदेखत इतकं बोलले की ती आठवडाभर आली नाही. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिच्या आईनं मला पोहे दिले आणि म्हणाली, "तुमी बोललासा म्हणून काय झालं, मालकच हाय की तुमी." मी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. मला कुणाचं मालक व्हायचं नव्हतं.

त्याच सुमारास पुण्यात एका कार्यशाळेला गेले. तिथं कळलं की साहेब नसलेल्या कंपन्या असतात. माणसं आपापली कामं आपण ठरवतात आणि सगळ्यांना लागू होणारे निर्णय सगळे मिळून घेतात. मी भारावून परत आले आणि पंधरा दिवसांत नियम लिहून काढले. दर बुधवारी दुपारी सगळ्यांनी गोल बसायचं. प्रस्ताव कुणीही मांडावा. मग एक फेरी. त्यात 'पसंत आहे का' असं विचारायचं नाही, कारण सगळ्यांना सगळं पसंत पडणं अवघड. विचारायचं एवढंच, की हरकत आहे का. एकाचीही हरकत निघाली, तर प्रस्ताव तिथंच थांबला. माझी हरकत आणि कालच आलेल्या माणसाची हरकत, दोन्हींचं वजन सारखं.

अण्णांनी नियमांचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "चांगलं हाय की. आमच्या संस्थेची सभाबी अशीच असत्या."

मी हसले. मला वाटलं, ते कौतुक करताहेत.

पहिला प्रस्ताव आला, मला 'मॅडम' म्हणणं बंद करण्याचा. काही जणांनी सरळ नावानं हाक मारून पाहिली, पण एकाचीही जीभ वळेना. शेवटी 'ताई'वर तडजोड झाली. त्या बैठकीत, जिला मी बोलले होते त्याच मुलीनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "मंजूर, मंजूर!" खोली हसून लोटपोट झाली. तिचे वडील त्यांच्या गावच्या संस्थेत संचालक होते, आणि आमच्या जिल्ह्यात संस्थेची वार्षिक सभा पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. मांडवात ध्वनिक्षेपकावर विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगा 'मंजूर' म्हणतात, मागच्या रांगा 'नामंजूर' म्हणतात, आणि दोन्हींच्या गोंधळात विषय पुढे सरकतो. तेव्हापासून आमची प्रत्येक फेरी त्या आरोळीनं संपायला लागली. पुण्याहून एकदा काही पाहुणे आमची पद्धत बघायला आले. त्यांना ती आरोळी एवढी आवडली की त्यांनी तिचा व्हिडिओ काढून नेला. मीसुद्धा मिरवले.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. कार्यालयाच्या एका भिंतीला पोपटी रंग द्यायचा प्रस्ताव आला होता. मला पोपटी रंग बघवत नाही. मी नियमाप्रमाणे हरकत घेतली, कारणही दिलं, की दिवसभर पडद्याकडे बघून आधीच डोळे थकतात. झालं. प्रस्ताव मांडणाऱ्यानं कागद घडी करून खिशात घातला. "ताईंची हरकत म्हटल्यावर विषय संपला की." मी म्हणत राहिले, अरे, चर्चा करा, माझी हरकत मोडून काढा. तोवर पुढचा विषय सुरू झाला होता. नंतर 'मंजूर'वाल्या त्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, राग मानू नका, पण तुमची हरकत ही हरकत नसते. हुकूम असतो." तिचं खरं होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की यापुढे आपण हरकत घ्यायची नाही. कितीही घशाशी आलं तरी नाही.

मग एका बुधवारी तो प्रस्ताव आला. दूध संस्थांचं सॉफ्टवेअर बंद करावं.

प्रस्ताव मांडणारा पोरगा सरळ, कामसू, कुणाचं वाईट न चिंतणारा. त्यानं सगळं नीट लिहून आणलं होतं. सॉफ्टवेअर जुनं झालंय, दर महिन्याला एखादी संस्था सोडून जातेय, ते आतून माहीत असलेला माणूस एकटे अण्णा. उरलेल्या संस्था दुसऱ्या एका कंपनीकडे सोपवाव्यात आणि अण्णांनी परदेशी कामांच्या तपासणीत, म्हणजे टेस्टिंगमध्ये, यावं. कुणाला काढायचं नव्हतं, कुणाचं नुकसान करायचं नव्हतं. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

पण ते सॉफ्टवेअर म्हणजेच अण्णा होते. ते गेल्यावर अण्णा या कंपनीत काय म्हणून राहणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो कागदावर कुठं नव्हता.

फेरी सुरू झाली. मी तिसरी होते, अण्णा शेवटचे. पहिल्या दोघांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. माझी पाळी आली. मी हरकत घेतली असती तर प्रस्ताव तिथंच मेला असता, आणि त्याबरोबर तीन वर्षांची आमची पद्धतही. मालकिणीनं आपलं लाडकं काम वाचवलं, असंच झालं असतं. आणि गरज काय होती? अण्णा समोर बसलेले होते. त्यांच्या एका शब्दानं तो प्रस्ताव थांबणार होता, आणि त्यांचा शब्द हुकूम नव्हता. मी अण्णांकडे बघत म्हणाले, "माझी हरकत नाही." मनात म्हणत होते, अण्णा, तुम्ही घ्या. तुमचा हक्क आहे, घ्या.

अण्णाही माझ्याकडेच बघत होते.

फेरी फिरत गेली. हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही. अण्णांची पाळी आली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि शांतपणे म्हणाले, "मंजूर."

त्या दिवशी आरोळी उठली नाही. कुणीतरी चहा आला म्हणून सांगितलं आणि सगळे उठले.

संध्याकाळी मी अण्णांना विचारलं, "खरंच चालेल ना तुम्हाला?" ते म्हणाले, "सभेनं ठरवलंय न्हवं, मग काय." मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे, बदल स्वीकारतोय. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला लगेच पटतं. मलाही पटलं.

पुढचे दोन महिने अण्णा कानाला हेडफोन लावून तपासणीच्या टेबलाशी बसले. विशीतली पोरं त्यांना प्रेमानं शिकवायची. ते वहीत लिहून घ्यायचे. त्यांचा फोन मात्र वाजायचा थांबला नव्हता. संस्था दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, तरी सचिवांना जुनाच नंबर पाठ होता. अण्णा जिन्यात जाऊन हळू आवाजात सांगायचे, "आता ते काम माझ्याकडं न्हाय हो." पलीकडचा माणूस ओरडत असणार, कारण अण्णा बराच वेळ नुसते ऐकून घ्यायचे. मी वर काच लावलेल्या खोलीतून बघायचे आणि कामात डोकं घालायचे.

दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. आमच्या अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात एकच शब्द लिहिला होता, 'घरगुती'.

मी त्यांना अडवलं नाही. म्हणजे अडवायचं होतं, पण आमच्याच नियमात लिहिलं होतं की जाणाऱ्याला भरीस घालू नये. तोही नियम मीच लिहिलेला. रागानं मी त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटली, नवऱ्यावर ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी निरोप समारंभात हसत हसत नारळ दिला.

महिनाभर कसाबसा काढला आणि एका सकाळी गाडी काढून त्यांच्या गावी गेले. अण्णा अंगणात खाटेवर बसून वैरणीच्या यंत्राचं पातं घासत होते. वहिनींनी ताक आणून दिलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही हरकत का घेतली नाहीत? एक शब्द बोलला असतात तर सगळं थांबलं असतं."

त्यांनी पातं खाली ठेवलं. माझी कीव यावी तसे माझ्याकडे बघायला लागले.

"अक्का, तुम्ही सचिवाच्या लेक. तुम्हाला म्या सांगायचं व्हय? विषय सभेपुढं येतोय तवा तो आधीच ठरलेला असतोय. चेअरमनच्या मनात असल्याबिगर कुठला विषय पत्रिकेवर आलाय का आजपातूर?"

"पण तो विषय माझा नव्हता! त्या पोरानं मांडला."

"मांडतंय पोरगंच. चेअरमन स्वतः कधी मांडतोय?"

"अण्णा, मला स्वतःला आदल्या दिवशी कळलं. आईशप्पथ."

"आणि तुमची पाळी आली तवा तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालासा, हरकत न्हाय. म्या समजलो. एवढी वर्षं संगट काढली, तेवढं कळणार न्हाय व्हय मला? तुम्हाला तोंडानं सांगाय जड जात हुतं, म्हणून सभेतनं सांगितलंसा. म्हटलं, त्यास्नी तरी कशाला अवघडात टाका."

मी खूप बोलले. नियम सांगितले, पद्धत सांगितली, पोपटी भिंतीची गोष्टसुद्धा सांगितली. मी जेवढं बोलत होते तेवढे अण्णा समजुतीनं मान हलवत होते. मी निघाले तेव्हा ते गाडीपर्यंत आले आणि काचेतून वाकून म्हणाले, "असू द्या अक्का. म्या कुणापाशी बोललो न्हाय, बोलणारबी न्हाय."

परतीच्या वाटेवर मी चिडून रडले. रस्त्याकडेला गाडी लावून रडले. केलेल्या गुन्ह्याची माफी मागता येते. न केलेल्या गुन्ह्याची माफी समोरचा आपणहून देऊन टाकतो तेव्हा काय करायचं असतं, मला कळेना.

कार्यालयात पोचल्यावर प्रस्ताव मांडणाऱ्या पोराला बोलावलं. अण्णा काय म्हणाले ते त्याला सांगितलं. मला वाटलं, तो हसेल, निदान चकित तरी होईल. त्यानं उलट मलाच विचारलं.

"ताई, खरंच तुमच्या मनात नव्हतं?"

"म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी एका दूध संस्थेचा फोन आला होता बघा, तुम्ही तासभर भांडलात त्या चेअरमनशी. फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालात, 'बंद करून टाकलं पाहिजे हे एकदाचं, डोक्याला नुसता ताप.' अण्णाबी होते तिथं. मग आम्हाला वाटलं, तुम्हाला करायचं हाय, पण आता हुकूम काढायचा नाही म्हणून तुम्ही आमच्यावर सोडलंय. म्हणून मी लिहून आणलं."

"आणि तुला स्वतःला? तुला बंद करायचं होतं?"

"मला कशाला? आमच्या गावात तेच चालतं की. आमचे आजोबा अण्णांना ओळखतात."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. अशी दहा वाक्यं मी रोज तोंडातून टाकते आणि विसरून जाते. पण ते मीच म्हणाले असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. शब्द अगदी माझेच आहेत.

नंतर मी एकेकाला विचारलं. कुणालाच ते सॉफ्टवेअर बंद करायचं नव्हतं. काहींना फरक पडत नव्हता, बऱ्याच जणांना वाईट वाटलं होतं, त्या मुलीनं तर घरी जाऊन संचालक वडिलांची बोलणी खाल्ली होती. एकोणीस जण गोल बसून, एकमेकांच्या डोळ्यात बघून, कुणालाच नको असलेली गोष्ट करून बसले. आणि नियम एकही मोडला नव्हता. मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं. चूक कुणाची म्हणून ओरडायला जावं तर ओरडण्यातूनच सगळं सुरू झालेलं.

पुढच्या बुधवारी मी प्रस्ताव मांडला. अण्णांना परत बोलवावं, आणि ज्या संस्था परत यायला तयार असतील त्या परत घ्याव्यात. फेरी झाली. हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही. अर्ध्या मिनिटात पार पडली. मी एकेकाचा चेहरा बघत होते. कुणाचा होकार खरा आणि कुणाचा माझ्यासाठी, हे मला ओळखता येईना. यापूर्वीच्या तीन वर्षांतले होकारही ओळखता येईनात.

तरी मी बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. आनंदानं सांगितलं, "अण्णा, तुम्ही परत यायचं. सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय."

"एकमतानं?" अण्णा हसले. "मग तुम्हीच ठरवलं असणार."

"प्रस्ताव मीच मांडला," मी म्हणाले. त्यांचं चुकलं असं म्हणायला मला जागा नव्हती.

"तसं न्हवं अक्का," ते सावकाश म्हणाले. "मागं तुमच्या मनात हाय म्हणून उठलो. आता तुमच्या मनात हाय म्हणून परत येऊन बसू? माझं काय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतक्या फेऱ्यांमध्ये आम्ही अण्णांना दर बुधवारी हरकत आहे का म्हणून विचारलं. तुम्हाला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही. विचारायचं नाही, असा तर नियमच होता.

"बरोबर आहे अण्णा," मी म्हणाले. "चुकलंच आमचं. आता विचारते. तुम्हाला काय पाहिजे? कंपनी राहू दे, मी राहू दे. तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा."

पलीकडे मागं कुठंतरी वहिनी वासरू हाकलत होत्या.

"आधी तुमच्या मनात काय हाय, ते सांगा की," अण्णा म्हणाले. "मग सांगतो."

'या' म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता, आणि ते आले असते. 'नका येऊ' म्हणणं मला जमणार नव्हतं. मी फोन कानाला धरून नुसती उभी राहिले, आणि अण्णांना त्यातून काय समजायचं ते समजलं. ते आले नाहीत.